वैशाखात खड्डा, आषाढात रोप

स्पष्टच लिहिते. एप्रिल-मे महिन्यात अंगणात फुलझाडे लावू नका. जास्वंद नको, तगर नको, अनंत नको, बोगनवेलसुद्धा नको. भर उन्हाळ्यात लागवड करणे म्हणजे पाण्याचा नि पैशाचा अपव्यय आहे, आणि आमच्या भोर-वेल्ह्यात तर ते शेजारधर्माला सोडून आहे. हे वाचून माझ्या नात्यातल्या निदान तिघांना राग येणार हे मला ठाऊक आहे. त्यांनी खुशाल रागवावे, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवावे. शाळेत मुलांनाही मी हेच सांगत असे. आधी धडा पुरा वाचा, मग हात वर करा.

होते काय, की मे महिना लागला की मला फोन येऊ लागतात. पुण्यातून, मुंबईतून, एखाद-दुसरा परदेशातून. "मावशी, प्लॉटला कंपाउंड झालंय, आता कडेनं फुलझाडं कोणती लावू?" "काकू, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे, तोवर बाग भरलेली दिसायला हवी." "बाई, सुट्टी आहे तोवर लावून टाकतो, जूनमध्ये कुठला वेळ?" मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, खड्डे खणा, झाडे आणू नका. सगळे "हो हो" म्हणतात आणि चार दिवसांनी फोटो पाठवतात. फोटोत पंचवीस झाडे ओळीने उभी, प्रत्येकावर फूल, आणि मागे पाण्याचा टँकर! टँकर फोटोत आला आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून म्हटले, एकदाच सविस्तर लिहून टाकावे. पुढच्या वर्षीपासून नुसता दुवा पाठवीन.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. आमचे दोन तालुके या दोन टोकांच्या मधे पसरले आहेत. पूर्वेला नसरापूर, कापूरहोळकडे पाऊस बेताचा; पश्चिमेला वरंधा घाट, मढे घाट, रायरेश्वराच्या बाजूला गेलात तर आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करायला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. नाव चांगलेच आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी वेल्हेच बसले आहे.) धरणे म्हणाल तर भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते, नीरा देवघरात पावणेबारा. हे पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते, पानशेतचे पुण्याच्या नळांना. धरणे त्यासाठीच बांधली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डोंगरउतारावरच्या वाडीला त्यातला थेंब वर चढून येत नाही. तिचा जीव एका लहानशा विहिरीवर किंवा झऱ्यावर. पावसाळ्यात पाणी उतारावरून धावत जाते, काळ्या कातळात फारसे मुरत नाही, आणि चैत्र संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. "धरण उशाला नि कोरड घशाला" ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकर येतात. नोकरीच्या काळात मी बायकांना झऱ्याशी बसून वाटी-वाटीने हंडा भरताना पाहिले आहे, आणि त्या हंड्यामागे माझ्या वर्गातल्या मुली रांगेत बसलेल्या पाहिल्या आहेत. त्या दिवशी वर्गात त्या गैरहजर असत. हजेरीपटावर मी 'गै' लिहीत असे. कारण लिहायला रकाना नव्हता.

आता फळ्यावर एक साधे गणित मांडू. मे महिन्यात नव्याने लावलेल्या झुडपाला सकाळ-संध्याकाळ मिळून दहा लिटर पाणी धरा. पंचवीस झुडपांना रोज अडीचशे लिटर. एका हंड्यात बारा लिटर मावतात असे धरले तर रोजचे एकवीस हंडे झाले. १ मेपासून मृगापर्यंत चाळीस दिवस मोजा. दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज पंचावन्न लिटर पाणी मिळावे असे ठरवले. म्हणजे तुमची पंचवीस फुलझाडे साडेचार माणसांचे पाणी पितात, आणि तेही कुठल्या? ज्या माणसांना ते पंचावन्न लिटर मे महिन्यात क्वचितच दिसतात! हीच पंचवीस झाडे जूनअखेर लावली तर हा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. यात उच्च गणित काही नाही, पाचवीतल्या मुलाला सुटेल.

"आम्ही कुणाचं पाणी घेत नाही, आमची स्वतःची बोअर आहे," असे एका भाच्याने सुनावले. अरे बाबा, बोअर तुझी, पण पाणी तुझे कसे? आपला सगळा सह्याद्री काळ्या अग्निजन्य खडकाचा. त्यात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वर टेकाडावर तू पंप सुरू करतोस आणि खाली वाडीच्या विहिरीतला झरा मंदावतो, कारण अनेकदा दोन्हीकडे पाणी एकाच भेगेतून येत असते. सातबारा जमिनीचा असतो, भेगेचा नसतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका टेकाडाखाली राहते. आता तिला नातवंडे आहेत. ती मला म्हणाली, "बाई, त्यांच्या फुलांना रोज पाणी मिळतंय, आमच्या म्हशीला मोजून." तिने तक्रारीच्या सुरात नाही सांगितले, नुसते सांगितले. मला मात्र ते अजून खुपते.

बरे, एवढे पाणी घालून झाडे तरी जगतात का? पुष्कळशी जगत नाहीत, आणि का जगत नाहीत ते समजून घ्यायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. माझी पदवी मराठी घेऊन केलेली बी.ए. आहे, मलासुद्धा समजते. झाड पानांवाटे पाणी हवेत सोडते आणि मुळांवाटे ओढून घेते. पिशवी फाडून रोप जमिनीत ठेवताना केसासारखी बारीक मुळे तुटतात, आणि पाणी पिण्याचे काम तर तीच करतात. नवी फुटायला तीन-चार आठवडे जातात. आषाढात हे चालून जाते. हवेत ओल असते, ऊन नसते, पानांचा खर्च कमी असतो. वैशाखात दुपारी बारा ते चार पाने सपाटून पाणी उडवत असतात आणि खाली मुळे तर तुटलेली. जमा नाही आणि खर्च चौपट! तुम्ही वरून बादल्या ओतता, पण पिणारे तोंडच जखमी आहे त्याला काय करणार?

त्यात आमचा उन्हाळा कोरडाच असतो असेही नाही. मेच्या मध्याला वळीव येतो. दुपारी आभाळ भरते, धूळ उडते, विजा कडाडतात, अर्धा तास पाऊस कोसळतो, मातीचा वास सुटतो आणि शहरातून आलेल्या माणसाला वाटते, झाले, पावसाळा आला! दुसऱ्या दिवशी तो रोपे आणायला धावतो. पण वळवाची ओल किती खोल जाते ते जरा उकरून पाहावे. वर चार बोटे चिखल आणि खाली तापलेला कोरडा मुरूम. मग आठ दिवस दमट उकाडा. आपल्याला घामाच्या धारा लागतात आणि त्याच कोंदट उष्ण ओलीत बुरशीचे फावते. मूळ कुजते, जास्वंदीच्या शेंड्यांना कापसासारखा पिठ्या ढेकूण चिकटतो, पाने पिवळी पडतात. मालकाला वाटते पाणी कमी पडले, तो आणखी पाणी घालतो, आणि कुजायला आणखी मदत होते. वळीव हा पावसाळ्याचा निरोप्या आहे. निरोप्या आला म्हणून पंगत वाढायला घेत नाहीत.

मग ही मेमध्ये लावायची कल्पना आली कुठून? आमच्या आया-आज्यांनी तर कधी वैशाखात रोप लावल्याचे ऐकले नाही. माझा अंदाज असा की ती थंड देशांतून आली. माझी एक पुतणी अमेरिकेत उत्तरेकडे असते. तिच्याकडे मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती असते, ती टळली की माणसे रोपे आणायला झुंबड करतात. तिथे ते अगदी बरोबर आहे. बर्फ वितळून जमीन ओली झालेली, ऊन कोवळे, पुढे लांबलचक दिवस. तिथले व्हिडिओ, तिथली पुस्तके मेला लागवडीचा महिना म्हणतात. आपण महिन्याचे नाव उचलले आणि ऋतू तिथेच राहिला! त्यांचा मे म्हणजे वसंत, आपला मे म्हणजे वणवा. पंचांग दुसऱ्याचे आणि अंगण आपले, असे करून कसे चालेल?

दुसरा दोष रोपवाटिकांचा, आणि त्याहून अधिक आपल्या गिऱ्हाइकी डोळ्यांचा. आपल्याकडे विकली जाणारी शोभेची कितीतरी रोपे आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातल्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. गोदावरीकाठची दमट हवा, हिरव्या जाळीची सावली, वेळेवर खत-पाणी. अशा लाडात वाढलेले रोप ट्रकमधून उतरते ते थेट आमच्या मुरमाड उतारावर, बेचाळीसच्या उन्हात. आणि आपण निवडतो कुठले? ज्यावर फूल आहे ते! फुललेल्या रोपाची सगळी ताकद फुलात गेलेली असते. रुजायला हवे ते बिनफुलाचे, मजबूत बुंध्याचे, ठेंगणे रोप. ते मात्र दुकानात मागे पडून राहते, मुलगी पाहायला जाणारे लोक हुशार मुलीला सोडून गोरीला पसंत करतात तसे. (हे वाक्य माझ्या सुनेला आवडणार नाही, पण खरे आहे.)

कुणी म्हणेल, मग मे महिन्यात मोगरा कसा फुलतो? कुडा कसा पांढरा शुभ्र होतो? अनंताचा वास कसा येतो? फुलतात ना, पण वैशाखात फुलणे वेगळे आणि वैशाखात रुजणे वेगळे. तो मोगरा मागच्या किंवा त्यामागच्या पावसाळ्यात जमिनीत गेलेला असतो. त्याची मुळे आता खालच्या ओलीपर्यंत पोचली आहेत, म्हणून तो वर हसतो आहे.

आणखी एक मुद्दा हमखास येतो. "शेतकरी नाही का मेमध्ये पेरत?" पेरतात. रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे आमच्याकडे धूळवाफेवर भाताचे बी टाकतात. त्याआधी राब भाजून वाफे तयार केलेले असतात. पण पेरतात ते बी. बी धीराचे असते. कोरड्या मातीत पाऊस पडेपर्यंत ते निजून राहते. रोपाला निजता येत नाही, त्याची पाने उघडी असतात, त्याला रोज प्यायला लागते. आणि भाताची रोपे आमचा शेतकरी खाचरात कधी लावतो? खाचरात पाणी भरल्यावर. ज्याच्या घरी वर्षाचा तांदूळ यावर अवलंबून आहे त्याने शेकडो वर्षांत जे ठरवले ते आपण हौसेसाठी खोडून काढायचे म्हणजे धाडसच म्हणायचे.

२०२५ सालाचे उदाहरणही तोंडावर फेकले जाते. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, मे महिन्यातच ओढे वाहिले. खरे आहे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२३ साली, मुंबईत मान्सून पोचायला २५ जून उजाडला. दोन सालांत एक महिन्याचा फरक! ज्याने २०२५ च्या भरवशावर मेमध्ये लावले तो एकदा जिंकला, २०२३ मध्ये त्याने काय केले असते? दोन महिने टँकर. म्हणून मी तारखेवर भर देत नाही. हाताची वीत पुरेशी आहे. खड्ड्याच्या कडेची माती वीतभर खोल उकरा, मूठ दाबा. लाडू वळला की रोप लावा, भुगा झाला की थांबा. पाऊस मेमध्ये येवो की जुलैमध्ये, ही कसोटी चुकत नाही.

सरकारी तारखांचाही एक गमतीचा भाग आहे. ५ जून हा पर्यावरण दिन. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद ५ जूनला सुरू झाली म्हणून ती तारीख जगभर गेली. दिवस चांगला, पण स्वीडनच्या तारखेला आमच्या जमिनीने ओले व्हावे असा आग्रह कशाला? मी जिथे नोकरी केली त्यांतल्या एका शाळेत (नाव घेत नाही) ५ जूनला रोप लावल्याचा फोटो वरती पाठवावा लागे. शाळा उघडायची पंधरा जूनच्या सुमारास, त्यामुळे मुले नसत. आम्ही दोन-तीन शिक्षक, एक खड्डा, एक रोप आणि एक छायाचित्रकार. पुढच्या साली तोच खड्डा! याउलट कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व शेतीमंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि त्यासाठी जुलैचा पहिला आठवडा धरला. तोवर आपल्याकडे जमीन भिजलेली असते. आपली तारीख आपल्याजवळ आधीपासून होती, आपण ती अडगळीत टाकली.

आता थोडे इतिहासाचे, कारण मी तो तीस वर्षे शिकवला. राजगड आमच्या डोक्यावर उभा आहे. पाव शतक तो स्वराज्याची राजधानी होता. त्या गडावर नदी नाही, तरी माणसे राहिली, कारण पद्मावतीचा तलाव आणि खडकात खोदलेली टाकी. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात गडासंबंधी जे सांगितले आहे त्याचा आशय पाहा. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी, तळी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये. त्याच प्रकरणात पुढे गडावर मोठी झाडे, लहान झाडे, इतकेच काय फुलझाडे आणि वेलीसुद्धा लावून जतन कराव्यात असेही सांगितले आहे. म्हणजे फुलांचे त्यांना वावडे नव्हते. युद्धाच्या काळातही ज्यांना गडावर फुले हवी होती त्यांना रुक्ष कोण म्हणेल? पण क्रम पाहा. आधी पाणी, मग फुले. आजचा प्लॉटवाला आधी फुले लावतो आणि मग टँकरवाल्याला फोन करतो.

नुसते 'नको नको' म्हणून मी थांबणार नाही. मे महिन्यात करण्यासारखे भरपूर आहे. सुट्टीला आलेल्या नातवंडांना कामाला लावा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल असे खड्डे खणा आणि पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. हेच ऊन जे रोपाला मारते ते खड्ड्यातल्या किडीला आणि बुरशीला मारते, फुकटात! खड्ड्याच्या भिंती पहारेने जरा मोडून ठेवा, कारण मुरमात खणलेला गुळगुळीत खड्डा पावसाळ्यात कुंडीसारखा भरून राहतो आणि मुळे बुडून मरतात. मग पालापाचोळा, कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि वरची माती घालून खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरून ठेवा. पाऊस पडला की तो खाली बसतो. घराच्या छपराचे पाणी कुठे पडते ते पाहून तिथून चर काढा. वास्तुशांतीला शोभा हवी तर दारात केळीचे खुंट बांधा, आंब्याचे तोरण लावा, तुळशीची कुंडी ठेवा. कुणी रोप भेट दिलेच तर ते पिशवीतच आंब्याच्या सावलीत ठेवा, तांब्याभर पाण्यावर ते जूनपर्यंत राहते. आणि न्हाणीचे पाणी अळू-केळीला सोडून एखादे जास्वंद जगवणाऱ्या आजीवर माझा काडीचा आक्षेप नाही. मी भांडते आहे ते पंचवीस झाडे आणि टँकर यांच्याशी.

लावायचे कधी? नसरापूर, किकवी, भोर गावाच्या आसपास, म्हणजे पाऊस बेताचा तिथे, मृग-आर्द्रात माती वीतभर भिजली की लगेच. पुढचा सगळा पाऊस मुळांना मिळतो. वेल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी, एवढी घाई नको. तिथे आषाढाची झड कोवळे रोप लोळवते. तिथे एक तर पावसाच्या सुरुवातीलाच उंचवट्यावर, काठीचा आधार देऊन लावा, नाही तर सरळ थांबा आणि पोळा ते गणपतीच्या दरम्यान, पावसाचा जोर ओसरताना लावा. जमीन तुडुंब भिजलेली, ऊन-पाऊस दोन्ही, रोप आठवड्यात मान वर करते. लावताना कळ्या खुडून टाका. जीव हळहळतो, पण पहिल्या वर्षी झाडाकडून फुले मागू नयेत. पहिलीतल्या मुलाला कुणी निबंध लिहायला सांगत नाही.

आणि विकतच कशाला? तगर, जास्वंद, कण्हेर पावसाळ्यात फांदी खोचली तरी लागतात. पूर्वी कुणाच्या अंगणात नवे फूल दिसले की आपण हक्काने म्हणत असू, "पावसाळ्यात एक फांदी द्या हो." त्या फांदीबरोबर ओळख येई. माझ्या अंगणातली जास्वंद ज्या घरातून आली त्या घरी मी अजून हळदीकुंकवाला जाते. पिशवीतल्या रोपाबरोबर फक्त पावती येते.

शिवाय डोंगराकडे बघा. धायटी उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक होते, आणि तिची फुले आयुर्वेदात आसव-अरिष्टे आंबवायला वापरतात. कुडा, करवंद, निर्गुडी, अडुळसा, मुरुडशेंग ही सगळी फुलणारी झुडपेच आहेत. भारंगीची निळसर फुले पावसात पाहावीत आणि तिची कोवळी पाने भाजीला खुडावीत. ही झाडे या मुरमात, या उन्हात, या झडीत वाढली आहेत. एकदा रुजली की दुसऱ्या उन्हाळ्यात ती तुमच्याकडे हंडा मागत नाहीत. मात्र गडाच्या उतारावरून उपटून आणू नका, बी गोळा करा. करवंदे मेमध्येच पिकतात. खा आणि बिया टाका, इतके सोपे. कारवीचा मात्र अंगणात हट्ट धरू नये. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मरते, तिला डोंगरावर जाऊन भेटावे.

यावरून मी परदेशी झाडांच्या विरुद्ध आहे असा अर्थ काढू नका. रातराणी, बोगनवेल बाहेरूनच आल्या, आपल्या मिसळीतली मिरचीसुद्धा बाहेरचीच. पण एक गोष्ट लक्षात असू द्या. आज आमच्या टेकड्यांवर जिकडे तिकडे माजलेली घाणेरी, म्हणजे टणटणी, ही अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या देशात आली ती बागेतले शोभेचे फुलझाड म्हणून! कुणीतरी हौसेने लावली आणि गुरांचे चराऊ रान गेले. अंगणात लावलेले अंगणातच राहते असे नाही. टँकरचे पाणीही तसेच. ते तुमच्या कुंपणात ओतले जाते, पण त्याची टंचाई कुंपणाबाहेर असते.

मला माहीत आहे, हे वाचून काही जण म्हणतील, पंचवीस झाडांनी काय होणार, बाई उगीच कांगावा करते. एका घराच्या पंचवीस झाडांनी काही होत नाही, कबूल. पण आज भाटघरच्या पाण्याकडेने, गुंजवणीच्या खोऱ्यात, पानशेतच्या वाटेवर घरे किती उठली आहेत ते एकदा मोजा आणि प्रत्येकाला पंचवीसने गुणा. गुणाकार करताना हात थांबला तर मला विचारा. मी अजून फुकट शिकवते.

तेव्हा मंडळी, या मे महिन्यात कुदळ घ्या, खुरपे घ्या, मुलांना घ्या आणि खड्डे खणा. रोपे आषाढात. ज्याला फांदी हवी असेल त्याने पाऊस लागल्यावर भोरला यावे. तगर, जास्वंद आणि मोगरा माझ्याकडे आहे, धायटीचे बीही जमा करून ठेवले आहे. येताना माती बघून या. वीतभर ओली असेल तरच फांदी मिळेल.